सॅक्सोफोनमध्ये मिसळलेली हाक

सिरसाळ्याच्या जीपमध्ये शेजारी बसलेला तरुण मांडीवर सारखा ताल धरत होता. मी शिक्षक आहे हे कळताच त्याने एक इअरफोन माझ्या कानात घातला. त्याच्या कवितांचा अल्बम होता. सॅक्सोफोन, ठोके, त्यावर त्याचं भरभर बोलणं आणि मध्येच एका म्हाताऱ्याची लांब हाक.

“आमच्या आबांची हाय. मेंढरं पाण्यावर बोलवताना चोरून रेकॉर्ड केली,” तो म्हणाला. “उद्या अल्बम निघतोय, सर. आबा न्हाई म्हनले तर गाणंच काढून टाकावं लागंल.”

गावाजवळ रस्त्यात मेंढरं आडवी आली. मागे त्याचे वडील, आबाच होते. तो उतरला आणि त्यानं फोनवर ते गाणं मोठ्यानं लावलं. हाक ऐकताच सगळा कळप वळून त्याच्या पायांशी दाटला.

“माझी मेंढरं पळवलीस की लेका,” म्हातारा म्हणाला. “बोलवलंस न्हवं? मंग पानी पाज आता.”

“आन् गाणं, आबा?”

“आधी पाज. रिकामी हाक मारायची नसती. मंग ठेव गाण्यात.”

तो ओढ्याकडे निघाला, कळप त्याच्या मागे. मी वर्गात रोज साठ पोरांना हाक मारतो, हजेरीपुरती. शाळा येईपर्यंत मला जीपमध्ये नीट बसवलं नाही.