ओळख न दाखवण्याचा नियम

कॉलेजातली कायमची नोकरी सोडून मी आमच्या गावातल्या नवी पेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर समुपदेशनासाठी खोली घेतली, तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पाटीवर काय लिहावं हेच सुचेना. 'मानसोपचार' लिहिलं तर कोणी जिन्याकडे फिरकलं नसतं. शेवटी नुसतं 'सल्ला मिळेल' लिहिलं. पहिल्या महिन्यात दोघे आले. एकाला जमिनीच्या खटल्यात सल्ला हवा होता, दुसऱ्याला मुलीच्या स्थळाबद्दल.

हळूहळू खरी गरज असलेले येऊ लागले, पण तोंड लपवून. पुण्यात शिकताना आमच्या बाईंनी एक नियम घोटवून घेतला होता: सल्ल्याला येणारं माणूस खोलीबाहेर दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, त्याची अब्रू आपल्या हातात असते. मी तो इतका कडक पाळला की जिना चढून आलेलं प्रत्येक माणूस रस्त्यात मला परकं झालं. लग्नकार्यात मी खाली मान घालून जेवायची. घरीही एकटीच. रविवारी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघालेला नसायचा. आणि म्हणे ही दुसऱ्यांना बोलतं करणारी बाई. फार एकटं वाटायचं, आणि त्याचा रागही यायचा.

विणकराच्या घरची एक सून माझ्याकडे यायची. तिची आई गेल्याची बातमी सासरच्यांनी तिला तेरावा उरकल्यावर सांगितली होती. तेव्हापासून तिनं बोलणंच सोडलं होतं. नवरा तिला वर सोडून दुकानाच्या पायरीवर थांबायचा. चार महिने ती दर आठवड्याला आली आणि गप्प बसून गेली. मग एकदा म्हणाली, की आई चिंचेचं सार फार आंबट करायची. मी तिच्यादेखत रडले. पुढे ती घरातही बोलू लागली आणि तिचं येणं थांबलं.

दिवाळीच्या तोंडावर बांगड्यांच्या दुकानापाशी ती सासूबरोबर दिसली. मला बघून थांबली, हसणारच होती. मी नजर वळवली आणि पुढे गेले. सासूसमोर तर नियम पाळायलाच हवा, असं स्वतःला बजावलं.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा एकटाच माडीवर आला. ती पुन्हा गप्प झाली होती आणि इकडे यायलाही तयार नव्हती. मी खोलीला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर निघाले. अशी कुणाच्या घरी मी कधी गेले नव्हते.

ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी शेजारी बसले, नियम समजावून सांगितला, माफी मागितली. तिचे हात बराच वेळ चालत राहिले. मग थांबले.

"सासूला मी आदीच सांगितलं होतं बाई," ती म्हणाली. "ती बघा, माजी मैत्रीण येतीय म्हणून."