सात जूनचा झाला सहा जुलै

मंडळी, आज चंद्रपूरच्या मत्स्य कार्यालयात माझी चूक समोर येऊन उभी राहिली.

तलावात मासेमारी करणाऱ्या शेवंताबाईंनी जाळ्यांच्या अनुदानासाठी सात जूनला अर्ज भरला होता. मुदत जूनअखेरची, तरी पात्र अर्जदारांच्या यादीत नाव नव्हतं.

"भाऊ, मी तं टायमावर भरला. काऊन नाई दिसून राह्यलं?"

अर्जाची वेबसाइट मीच बनवलेली. डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, म्हणजे क्वेरीत, तारीख मी साधा मजकूर म्हणून जोडली होती. डेटाबेसने महिना आधी वाचला आणि ७/६ चा सहा जुलै केला. चाचणी मी पंचवीस तारखेने घेतली होती; पंचविसावा महिना नसतोच, म्हणून चूक कळलीच नाही.

आता तारीख पॅरामीटरमधून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी, तारीख म्हणूनच जाते. नोंदी कागदी अर्जांवरून दुरुस्त केल्या. शेवंताबाई छापील यादी घेऊनच उठल्या.

असंच गळलेलं आणखी एक नाव सापडलं, शेजारच्या जिल्ह्यातल्या भामरागडचं. उद्या शेवटची पडताळणी आहे आणि तिकडचा रस्ता पुराने बंद आहे. नाव यादीत आल्याचा निरोप त्यांना कुणी पोचवू शकेल का?