जोडी थांबते कुठी

आमच्या घरी दर रविवारी दोन गाड्यांची लढत लागते. गाड्या अर्थातच आमच्या नाहीत. आमच्या दारात एक मोपेड आहे आणि तिचा उजवा आरसा गेली दोन वर्षं सुतळीने बांधलेला आहे. लढतीतल्या गाड्या तर अजून बाजारातही आलेल्या नसतात. पुढच्या वर्षी येणार, त्याच्या पुढच्या वर्षी येणार म्हणून ज्यांची जगभर चर्चा चालते, त्या या गाड्या. मी आणि माझी लेक लसूण घेऊन बसतो, मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवतो आणि भांडतो. हरेल तिने उरलेला लसूण सोलायचा.

मी गोंडपिपरीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पन्नाशी उलटलेली नर्स बारा सिलिंडरच्या इंजिनावर तावातावाने बोलते म्हणून बायका हसतात. हसू देत. माझा नवरा एसटीचा ड्रायव्हर आहे. उभ्या नोकरीत त्याने उभ्या बैलगाडीशिवाय कशाला ओव्हरटेक केलं नसेल. त्याला आमच्या लढतींत काडीचा रस नाही. तो जेवतो, आमच्याकडे बघतो आणि झोपतो.

हा नाद मला बाबांकडून आला. बाबांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं. ते पटाचे धुरकरी होते. आमच्या भागात बैलजोड्यांच्या शर्यतीला पट म्हणतात आणि जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. मधली काही वर्षं पट बंद होते, आता पुन्हा भरतात. माझ्या लहानपणी पटाच्या आठ-दहा दिवस आधीपासून आमच्या अंगणात माणसं जमायची आणि कोणती जोडी बाजी मारेल यावर घसे कोरडे करायची. कोणी खांदे बघायचा, कोणी खूर, कोणी डोळ्यांतला ताव. बाबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "धावाचं त कोनीबी पाह्यते. जोडी थांबते कुठी, थे पाह्य."

ते का म्हणायचे हे मला ठाऊक होतं. मी दहा वर्षांची असताना त्यांची जोडी पहिली आली होती. लोकांनी टोप्या उडवल्या, आरोळ्या ठोकल्या, आणि जोडी काही थांबली नाही. ती तशीच पुढे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर चढली. छकडा उलटला. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, ते पुन्हा कधी सरळ चालले नाहीत. पण दोन वर्षांनी पुन्हा छकड्यावर बसले.

आमच्या घरची एक रीत होती. पटाच्या सकाळी बैलांना ओवाळून झालं की कासरा घरच्या बाईच्या हातून घ्यायचा. तिने दिला तर जोडी निघणार. नाही दिला तर त्या दिवशी जोडी गोठ्यात, मग धुरकरी कितीही मोठा असो. का, कशासाठी, हे विचारायचं नाही. माझ्या आईने कासरा कधी अडवला नाही. हाड मोडलं त्या दिवशीही तिनेच दिला होता, आणि दोन वर्षांनीही तिनेच दिला.

लेकीला या गोष्टी मीच सांगितल्या. भात खात नव्हती तेव्हा सांगितल्या, ताप होता तेव्हा सांगितल्या. तिने त्या जिवाला लावून घेतल्या. मोपेडची किल्ली पहिल्यांदा माझ्या हातून घेतली. चंद्रपूरला ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला निघाली तेव्हा बॅगेचा पट्टा माझ्या हातून घेतला. तेव्हा मला भारी कौतुक वाटलं होतं. त्या कौतुकाची फळं मी आता भोगतेय.

त्या रविवारी लढत लागायच्या आधी तिने माझ्या हातावर एक पाकीट ठेवलं. मध्य प्रदेशात गाड्या तपासायचा मोठा ट्रॅक आहे. तिथे काम करणाऱ्या एका कंपनीने तिला टेस्ट ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं. मोबाइलवर आलेलं पत्र तिने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं होतं.

"पुढच्या सोमवारी हजर व्हाचं हाय," ती म्हणाली. "शनिवारी निघा लागते. तू हे माह्या हातात देशील तवाच जाईन. नाई देलं त नाई जात. काऊन म्हनून इचारनार नाई."

मी पाकीट घेतलं, पदराखाली धरलं आणि म्हटलं, "बरं. आज कोनती गाडी?"

त्या दिवशी मी हरले. सगळा लसूण मी सोलला.

आता जरा गाड्यांबद्दल सांगते, नाहीतर माझी धाकधूक समजायची नाही. यंदा आमच्या लढतीत तीन गाड्या उरल्या होत्या. एक इटलीची, लाल. इंजिन पाठीमागे, बारा सिलिंडर, आणि तिचा आवाज ऐकून शौकीन लोक कॉमेंटमध्ये रडतात, खोटं नाही सांगत. दुसरी विजेवरची. तिला आवाजच नाही. पाय दाबला की मान मागे जाते, पोट जागेवर राहतं आणि गाडी नजरेआड होते. आवाज नाही म्हणून अर्धी दुनिया तिला नाकं मुरडते आणि उरलेली अर्धी तिच्यावर जीव टाकते. तिसरी जपानची. छोटी, हलकी, आणि या जमान्यातही हाताने गिअर टाकायची. ती येणार येणार म्हणतात, पण तिचं खरं रूप अजून कोणी पाहिलेलं नाही. अंगभर काळी-पांढरी नक्षी चिकटवून ती कुठल्यातरी ट्रॅकवर फिरत असते आणि लोक झाडामागून तिचे व्हिडिओ काढतात. माझा जीव त्या तिसरीवर. लेकीचा दर रविवारी बदलतो.

पाकीट हातात आल्यावर मी तो जपानी गाडीचा व्हिडिओ पुन्हा लावला. शंभरदा बघितला असेल. पण काचेआड एक हेल्मेट आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मी गाडीचं नाक बघत होते, टायर बघत होते, आवाज ऐकत होते. आत कोणीतरी बसलेलं असतं, त्याला घर असतं, त्याची कोणीतरी आई असते, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. त्यानंतर मला एकही गाडी धड बघता येईना. सगळीकडे हेल्मेटच दिसायचं.

पाकीट घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून ते ड्युटीच्या पिशवीत घालून मी रोज दवाखान्यात न्यायची. इंजेक्शन देताना लक्ष पिशवीकडे. सोमवारी दोनदा, मंगळवारी तीनदा स्वतःचं बीपी मोजलं. सोबतची नर्स म्हणाली, "बाई, पेशंटचं मोजा जरा. तुमचं त वाढलंच हाय, थे चेहऱ्यावरच दिसून राह्यलं."

बुधवारी मोटरसायकलवरून पडलेला एक माणूस आला. फार काही नव्हतं, गुडघा आणि कोपर. टाके घालताना मी विचारलं, "किती स्पीडनं होता, भाऊ?"

"स्पीड काई नोहोता, बाई. ब्रेकच नाई लागला."

माझा हात थांबला. त्याला वाटलं मी रागावले. मी म्हटलं, काही नाही, हलू नका. टाके नीट पडले, पण हातमोजे काढून मी आधी पिशवीतलं पाकीट चाचपून आले. पट्टी बांधायच्या आधी पेशंटपासून उठायचं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. वेगाने माणसाचं काय होतं ते मी रोज धुते, पुसते, शिवते. आणि तरी घरी जाऊन त्याच वेगावर हौसेने वाद घालायची मला कधी लाज वाटली नाही. दवाखाना दवाखान्याच्या जागी होता आणि मोबाइल मोबाइलच्या जागी. आता दोन्ही एकाच पिशवीत येऊन बसले होते.

गुरुवारपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. नाही द्यायचं. माझा हक्क आहे, तिनेच दिलाय. आणि का म्हणून कोणी विचारणार नाही. इतकं सोपं होतं ते, म्हणूनच मला रात्र रात्र झोप नव्हती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या बाया-बायांतलं हाय थे." आणि कूस बदलून घोरायला लागला. मला त्याचा असा संताप आला की उठून पाणी प्याले आणि भांडं मुद्दाम आपटलं.

शुक्रवारी संध्याकाळी लेक लसूण घेऊन बसली. म्हणाली, रविवारी मी असेन की नाही ठाऊक नाही, आजच लढत लावू. मी म्हटलं, लाव. मन कशातच नव्हतं. ती इटलीच्या लालची बाजू घेऊन बोलत होती, मी हूं हूं करत होते. मध्येच ती थांबली.

"आई, इंटरव्ह्यूत मले हेच इचारलं होतं. येनाऱ्या गाड्यांपैकी तुले कोनती जास्त आवडते म्हने."

"मग? लाल सांगतली असशील."

"नाई. मी सांगतलं, अजून मले सांगता येत नाई. समदे व्हिडिओ गाडी सुटते थे दाखोतात. थांबते थे कोनीच दाखोत नाई. जे गाडी थांबताना आवडल थे माही." ती लसणाची पाकळी उलटसुलट करत होती. "थे लोक एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यत राह्यले. मंग म्हने, हिले ब्रेकच्या टीममधी टाका."

माझ्या छातीवरचं ओझं सरकन उतरलं. ब्रेकची टीम! म्हणजे पोरगी गाड्या पळवणार नव्हती, थांबवणार होती. बाबा असते तर अंगणभर सांगत फिरले असते. मी पिशवीकडे हात नेला. तेवढ्यात माझ्या टाळक्यात उजेड पडला. ब्रेक तपासायचा म्हणजे आधी गाडी पळवावी लागणारच.

"ब्रेक दाबाच्या आधी," मी विचारलं, "गाडी किती जोरात असते?"

ती खोटं बोलू शकली असती. मला त्या ट्रॅकवरचं काय कळणार होतं? हळूच असते म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता. मला विश्वास ठेवायचाच होता.

"जितकी जाते तितकी," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला.  का म्हणून विचारणार नाही असं तिने कबूल केलं होतं, आणि तिने खरंच विचारलं नाही. राहिलेला लसूण सोलला, टरफलं गोळा केली आणि आत जाऊन भरलेली बॅग पुन्हा रिकामी करायला लागली. चिडून नाही, आदळआपट करून नाही. कपडे एकेक काढून कपाटात ठेवत होती. माझ्या नाहीला तिने हो म्हटलं होतं.

ते कपडे बघून मला आई आठवली. नर्सिंगला असताना मी तिला एकदा तावातावाने विचारलं होतं, हाड मोडल्यावरही तू कासरा का दिलास? अडवायचा होतास ना! आई सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाई देल्ला असता त त्यानं दुसऱ्या कोनाच्या हातून घेतला असता का? नसता घेतला. जनमभर नसता घेतला. म्हनूनच त देल्ला." तेव्हा मला ते अडाणीपणाचं बोलणं वाटलं होतं. मी त्यावर भाषणही दिलं होतं बहुतेक.

मी उठले, कपाटातले कपडे काढले आणि पुन्हा बॅगेत भरले. पाकीट मात्र दिलं नाही. तेवढी छाती त्या क्षणी नव्हती. "सकाळी पाहू," म्हटलं.

शनिवारी चंद्रपूरची पहिली बस माझ्या नवऱ्याचीच होती. तो स्टेअरिंगवर बसलेला, प्रवासी बसलेले, कंडक्टरने डबल बेल दिलेली. लेक दाराच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी. मी पिशवीतून पाकीट काढलं. आठवडाभरात ते पार मऊ पडलं होतं आणि त्याला स्पिरिटचा वास लागला होता. मी ते तिच्यापुढे धरलं. तिने दुसरं टोक धरलं. बसमधल्या बाया बघत होत्या. नवऱ्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घाई झालेली मी बघत होते, आणि त्याचे डोळे आरशात आमच्याकडेच होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "सोड ना."

मला वाटत होतं की मी कधीच दिलंय. खाली बघितलं तर माझी बोटं पाकिटावर गच्च आवळलेली, नखं पांढरी पडलेली. ती ओढत नव्हती. नुसती धरून उभी होती.

मी बोटं एकेक करून उघडली.

बस निघाली. सगळे निघणाऱ्या बसला हात करतात, मी केला नाही. मी पुढच्या वळणाकडे बघत राहिले. तिथे रोज सकाळी गुरं रस्त्यात असतात आणि माझा नवरा रोज तिथे थांबतो. बस वळणापर्यंत गेली. मागचे लाल दिवे लागले. ती हळू झाली आणि गुरांच्या बरीच अलीकडे, जराही धक्का न देता, नीट थांबली. मग मला रडू आलं.