हार्ड डिस्कमधला आवाज

निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्याने अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला घेतली. रोज सकाळी दार लावून बसायचे. चार वर्षं हे चाललं. मग घशाचा कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते वहीत लिहून बोलतात.

गेल्या वर्षी त्यांचा जुना कॉम्प्युटर टकटक आवाज करत बंद पडला. सगळी रेकॉर्डिंग त्यातच होती. अंधशाळेला दिलेल्या सीडी केव्हाच खराब झाल्या होत्या.

आम्ही दोघं तो घेऊन शनिवार पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथे एक बाई बसतात. त्यांनी विचारलं, "बंद पडल्यावर पुन्हा चालू करून पाहिलात?"

"चार-पाच वेळा," मी म्हणाले.

"आमच्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवलंत, आभारी आहे." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "दर वेळी चालू केलं की डिस्क आणखी खरवडते. आता ती उघडावी लागेल. किती मिळेल सांगता येत नाही. मिळालंच, तर फाइलींना नावं नसतील."

ह्यांनी वहीत लिहिलं, 'चालेल.'

तीन आठवड्यांनी निम्म्याहून जास्त फाइली मिळाल्या. घरी आणल्या, पण मला धीर होईना. ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःचा आवाज ऐकलाच नव्हता.

"अहो, लावू ना?"

त्यांनी मान हलवली. गोदावरीच्या उपनद्यांचा धडा लागला. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि स्वयंपाकघरातून माझी हाक आली, "अहो, पान वाढलंय." त्यावर ते वैतागून म्हणाले, "अगं, वाचतोय मी."

ते 'अगं' ऐकून माझे डोळे भरून आले. ह्यांनी लिहिलं, 'हे कापायचं राहिलं.' थोड्या वेळाने त्याखाली लिहिलं, 'राहू दे.'

महिनाभर ते एकेक फाइल ऐकून कुठला धडा ते लिहीत गेले. बरीच पुस्तकं अर्धीच उरली होती; नागरिकशास्त्राचे मात्र पहिले दोनच धडे सापडले नाहीत.

'ते तू वाच,' त्यांनी लिहिलं.

"मी असं कधी वाचलेलं नाही."

'मी तरी आधी कुठे वाचलं होतं?'

आता सकाळी मी माइकसमोर बसते आणि ते पुस्तकात बोट ठेवून समोर. काल मी घाईत 'नागरिकत्व' अर्धवट गिळलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि लिहिलं, 'ऐकणाऱ्याला पुस्तक दिसत नाही.'

मी पाणी प्यायले आणि परिच्छेद पहिल्यापासून वाचला.