मिश्या लावून हरायला बोलावलं

भूकंप झाला त्याच वर्षी ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याला एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन व्हायचं बोलावणं आलं. त्याचे जपानी बुचो, म्हणजे ऑफिसातले विभागप्रमुख, एका जुन्या कॉलेजचे माजी विद्यार्थी. मेइजी राजाच्या काळात त्या कॉलेजची पोरं म्हणे योकोहामाच्या गोऱ्यांशी बेसबॉल खेळली आणि जिंकली. माजी विद्यार्थी दर वर्षी तोच सामना जुन्या नियमांनी पुन्हा खेळत. त्या वर्षी मात्र गोरे मिळेनात, भूकंपानंतर बरेचसे मायदेशी पळालेले. मग काय, परदेशी तो परदेशी! पळून परत आलेले आम्ही फुनाबोरीच्या भारतीय वस्तीत सापडलो. कोथरूडच्या इंजिनिअरांच्या ओठांवर चिकटपट्टीनं तांबूस मिश्या बसल्या. सूचना एकच होती: शेवटी हरायचं, कारण इतिहासात तसंच घडलंय.

नवऱ्यानं लगेच होकार दिला, त्याला कारण होतं. मार्चमध्ये जमीन हादरली, पाठोपाठ अणुभट्टी फुटली आणि पुण्याहून सासूबाईंचे फोन सुरू झाले, "तिथं काय किरणं खात बसणार आहात का?" मिळेल त्या विमानानं आम्ही पळालो, ऑफिसात कुणालाही न सांगता. महिन्याभरानं परतलो, तर कुणी चकार शब्द बोललं नाही. हीच तर गोची! आमच्याकडच्या साहेबानं धू धू धुतलं असतं, दोन दिवस फुगून बसला असता आणि मग चहा पाजला असता. बुचो नुसते नम्रपणे मान लववायचे. दुपारी बरोबर जेवायला बोलावणं बंद. नवरा त्या गप्पपणानं पार खंगला. "एकदाच शिव्या घाला म्हणावं," असं सारखं पुटपुटायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही. बुचोंचं मन वळवायला हा सामना एवढीच संधी होती.

सामना आराकावा नदीकाठच्या मैदानावर झाला. जुन्या नियमांप्रमाणे कुणाच्याच हातात मोजे नाहीत. बॅटवाल्यानं "उंच" की "खाली" ते सांगायचं आणि समोरच्यानं तसाच चेंडू टाकायचा. असा आज्ञाधारक खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. नवऱ्यानं चेंडू टोलवला आणि बॅट हातात घेऊनच सुटला. बॅट टाकून धावायचं असतं हे त्याला दहादा बजावलेलं, पण गल्लीत क्रिकेट खेळलेला माणूस रेघेवर बॅट टेकवल्याशिवाय राहतो होय? पहिल्या बेसवरचे आजोबा जीव मुठीत धरून पळाले. आमची लेक "बाबा, हाझुकाशी!" म्हणत, लाजेनं लाल होऊन, माझ्या मागं लपली.

मग शेवटचा डाव. विजयी फटका बुचोंनी मारायचा, हे ठरलेलंच. ते टोपी सावरत आले, "उंच" म्हणाले आणि असा सणसणीत टोला हाणला की मीच टाळी वाजवली. चेंडू थेट नवऱ्याकडे.

"सोड रे, सोड!" मी मराठीत किंचाळले.

कसला सोडतोय! उघड्या हातांनी झेल घेण्यात तर याचं बालपण गेलेलं. उडी मारून पकडला मेल्यानं. इतिहास झोपला, नवऱ्याची मिशी लोंबकळली आणि करंगळी भलत्याच दिशेला वळली. मी मनात म्हटलं, आता गाशा गुंडाळा.

बुचो तरातरा चालत आले. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मनातलं बोलले.

"गेलात त्याचं काही नाही. भीती मलाही वाटत होती. पण सांगून जायचं होतंत. मी तुमच्या घराचं दार वाजवत उभा होतो. वाटलं, आत अडकला असाल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉस्पिटलात न्यायला टॅक्सी आली. तो आत बसला आणि लगेच उतरला. सुजलेला हात छातीशी धरून मैदान ओलांडत गेला, बुचोंसमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, "इत्ते किमासु." घरातून निघताना इथली माणसं घरच्यांना म्हणतात तेच: जाऊन येतो.

बुचोंनी टोपी काढली. "इत्तेराश्शाई," म्हणाले. या जाऊन.