समजू नकोस

‘रिकामा रकाना दिसला, तर तो शून्य समजू नकोस. माहिती अजून आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.’

सकाळी मी हे वाक्य लिहिलं. अंदाजपत्रकांचे आकडे शोधून देणारं आमचं एक संगणकीय साधन आहे; ते आता माणसं नाही, तर एक एआय चालवणार आहे. ते साधन कसं वापरायचं, हे त्या एआयला लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

शेजारच्या टेबलावरची मंजिरी वाचून हसली. “मॅडम, यंत्राला चक्क अरेतुरे?”

“मग काय, अहो-जाहो करू?”

ती चहाला गेली आणि मी त्या ‘नकोस’पाशी थांबले. ऑफिसात सगळे मला ‘तुम्ही’ म्हणतात, मीही सगळ्यांना. घरी तर बोलायलाच कुणी नाही. ‘तू’ म्हणायला माणूस जवळचं लागतं, निदान हक्काने भांडता येईल असं. मग हा ‘नकोस’ माझ्या बोटांत इतके दिवस कुठे दडून बसला होता?

नियमाप्रमाणे ‘समजू नये’ करायला घेतलं, पण खोडवेना. उलट, त्याला मला काही विचारायची सोयच नाही हे ठाऊक असूनही, खाली आणखी एक ओळ लिहिली.

‘कळलं नाही तर विचार हं.’