दार धरायला ये

रविवारी सकाळी फोन वाजला की तो दादाचा, हे आमच्या घरात वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. महिन्यापूर्वी एका रविवारी पुन्हा तसाच फोन वाजला, पण फोनवर वहिनी होती. दादा झोपेतच गेला होता...

माझा हा थोरला भाऊ छावणी भागात राहायचा, मी त्याच शहरात क्रांती चौकाजवळ. त्याच्या जुन्या गाडीच्या डिकीनं आम्हा दोघांना कामाला लावलं होतं. बिजागऱ्या झिजल्यामुळे दार खाली बसायचं आणि कडेनं जाणाऱ्या वायरी कातरून टाकायचं. मग आतला दिवा बंद. दादा वायरी जोडून चिकटपट्टी गुंडाळायचा आणि मी दोन्ही हातांनी दार वर धरून उभा. माझी अशी कोंडी झाली की त्याच्या जिभेला धार यायची. गावाकडच्या, कन्नडच्या शेतातल्या बांधापासून माझ्या सुटलेल्या पोटापर्यंत काही सुटायचं नाही. वहिनीनं चहा आणला की माझे हात अडकलेले म्हणून बशी तोच माझ्या तोंडाला लावायचा आणि वर, "हलू नको रं," म्हणून दटावायचा. काही आठवड्यांनी वायर पुन्हा तुटायची. पुन्हा फोन, "दार धराया ये."

गेल्या वर्षी मला याचा कंटाळा यायला लागला. कधी पाहुण्यांचं, कधी पाठीचं निमित्त सांगायचो. शेवटी मी डोकं चालवलं आणि ओळखीच्या मेकॅनिकला परस्पर दादाकडे धाडलं. त्यानं बिजागऱ्या नव्या बसवल्या, वायरी बदलल्या, दार आपलं आपण वर राहील असे दांडे लावले. संध्याकाळी मी ऐटीत फोन करून विचारलं, झालं ना काम?

"व्हय, झालं," दादा म्हणाला. "आता कुणी धराया नको."

मला ते कौतुक वाटलं. त्यानंतर रविवारचा त्याचा फोन आला नाही आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. भावाची सोय हे नुसतं नाव होतं; मला माझा रविवार सोडवून घ्यायचा होता. त्याला दार दुरुस्त करायचं असतं तर त्यानं ते कधीच करून घेतलं असतं, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही.

तेराव्याचं सामान आणायला वहिनीला घेऊन त्याच गाडीतून बाजारात गेलो. पिशव्या ठेवायला डिकी उघडली. दार अलगद वर गेलं, दिवा लागला. वहिनी पिशव्या ठेवत होती आणि मी दोन्ही हात वर करून उभा होतो.

"भाऊजी, सोडा ते," वहिनी म्हणाली. "पडत नाय आता."

मला हात काढवेना.